बाहुली आणि तान्हे बाळ : दोन वर्षांच्या मुलाच्या वागण्याचा अर्थ

घरात नवे बाळ आले आहे. बारसे होऊन दोनच दिवस झाले असून पाहुण्यांची ये-जा अद्याप थांबलेली नाही. त्या घरातील सव्वादोन वर्षांची मुलगी सकाळपासून आपल्या चिंध्यांच्या बाहुलीत गुंतलेली आहे. आजी बाळाला न्हाऊ घालते तसे तिने पाय पसरून बाहुलीला त्यांवर पालथे घातले, रिकाम्या तांब्याने तिच्या पाठीवर पाणी ओतले, फडक्याने अंग पुसले आणि काजळाच्या डबीवर बोट टेकवून गालावर तीट लावली. एवढे कोडकौतुक झाल्यावर बाहुलीची एक तंगडी धरून तिने तिला फरफटत ओट्यावर नेले आणि तिच्यावरच बसून चुरमुरे खाण्यास प्रारंभ केला. पाहुणे पोट धरून हसले.

थोड्या वेळाने ती बाळाच्या झोळीपाशी गेली. ‘डोळा’ असे म्हणून तिने बाळाच्या डोळ्यावर बोट दाबले, हातातला चुरमुरा त्याच्या ओठांशी नेला, आणि ते तोंड उघडत नाही असे पाहून त्याचाही पाय धरून ओढला. या वेळी मात्र कोणी हसले नाही. मुलीच्या पाठीत धपाटा बसला आणि ‘ही बाळावर जळते’ असा निवाडाही झाला.

हसणारी माणसे तीच आणि मारणारीही तीच. मुलीच्या दृष्टीने मात्र तिने दोन्ही ठिकाणी सारखेच वर्तन केले होते. एकदा कौतुक आणि एकदा मार का मिळाला, हे तिला समजण्याचा मार्गच नव्हता. असे प्रसंग गावोगाव घडत असतात. ज्याला त्यांचा अर्थ समजावून सांगता येईल असा घराच्या जवळचा सुशिक्षित मनुष्य म्हणजे बहुधा गावचा शिक्षक अथवा शिक्षिकाच होय.

शिक्षकाचा या वयाशी संबंध

सहा वर्षांच्या आतील मुलाशी प्राथमिक शिक्षकाचे काय काम, अशी शंका कोणी घेईल. परंतु खेड्यातील शाळेत हे वय रोज दाराशी उभे असते. शाळेच्या आवारातच पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी भरते. तिसरी-चौथीतील मुलगी पाठचे भावंड कडेवर घेऊन येते आणि ते वर्गाच्या पडवीत खेळत राहते. पालकांच्या सभेस येणाऱ्या मातेच्या मांडीवर एक आणि बोटाला धरलेले दुसरे, असे दृश्य नित्याचेच असते. शिवाय, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे ३ ते ८ हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलाची घडण त्यापूर्वी कशी झाली, याची जाण शिक्षकास असावयास हवी.

खेळाच्या पायऱ्या

बाहुलीशी खेळणे हे मुलास उपजत येत नाही. ते पायरीपायरीने येते. साधारणतः वर्षाच्या सुमारास मूल रिकामा पेला स्वतःच्याच तोंडास लावून प्याल्यासारखे करते, अथवा उशीवर डोके टेकून झोपेचे सोंग करून हसते. या पायरीवर सोंगाचा विषय ते स्वतःच असते. दीड वर्षाच्या आसपास तोच पेला ते बाहुलीच्या वा आईच्या तोंडाशी नेऊ लागते. आपण करतो ती क्रिया दुसऱ्यासाठीही करता येते, हा शोध त्यास लागतो. दोन वर्षांनंतर हळूहळू बाहुलीच काहीतरी करू लागते. तिला भूक लागते, ती रुसते, ती स्वतःच्या हाताने भाकरी खाते. तीन वर्षांच्या सुमारास न्हाणे, जेवणे, झोपणे या क्रिया क्रमाने गुंफल्या जाऊन खेळाला गोष्टीचे रूप येते. ही वये स्थूल मानाची आहेत. एखादे मूल दोन-चार महिने पुढे, तर एखादे मागे असणारच.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी आपल्या तीन अपत्यांचे दैनंदिन निरीक्षण करून त्याच्या नोंदी ठेवल्या. त्यांतील अनेक नोंदी त्यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आल्या आहेत. त्यांची कन्या सव्वा वर्षाची असताना तिच्या हाती एक कापड आले. त्याच्या कडा तिच्या उशीच्या कडांसारख्या दिसत होत्या. तिने ते हातात धरले, अंगठा तोंडात घातला आणि आडवी होऊन ती खदखदून हसू लागली. दीड वर्ष उलटल्यावर तीच मुलगी खेळण्यातील कुत्र्याला ‘रड, रड’ असे सांगून स्वतःच रडण्याचा आवाज काढू लागली. पुढील दिवसांत तिने आपल्या अस्वलाला रडावयास लावले, आणि अखेरीस टोपीलाही! टोपी रडत नसते हे तिला ठाऊक होते. तिच्या हसण्यातच त्याचा पुरावा आहे. तरीही टोपी रडते असे मानता येते, ही नवी शक्ती तिला प्राप्त झाली होती.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉत्स्की (१८९६–१९३४) यांनी याच शक्तीचे महत्त्व वेगळ्या रीतीने मांडले. मूल काठीला घोडा मानते तेव्हा ‘घोडा’ हा अर्थ प्रत्यक्ष घोड्यापासून सुटा होतो. डोळ्यांपुढे एक वस्तू असताना मनाने दुसरी धरून ठेवणे, हे तेथे साधते. शिक्षकाने येथे क्षणभर थांबून विचार करावा. फळ्यावर काढलेली एक आडवीतिडवी रेघ म्हणजे ‘क’, आणि तीन गोट्यांसाठी ‘३’ हे चिन्ह, असे मानावयास आपण पहिलीतील मुलास सांगतो. चिंधीला बाळ मानणारे मूल त्याच वाटेवरचे पहिले पाऊल टाकीत असते. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, तो वाचन-लेखनाचा दूरचा पूर्वज होय.

बाहुली आणि बाळ यांतील भेद मुलास कळतो काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘कळतो’ असेच आहे. अगदी तान्हे मूलही थोड्याच महिन्यांत माणसाचा चेहरा आणि निर्जीव वस्तू यांना निरनिराळा प्रतिसाद देऊ लागते. दोन वर्षांच्या मुलाकडे नीट पाहिले असता हा भेद स्पष्ट दिसतो. बाहुलीस घास भरवताना ते तिच्या उत्तराची वाट पाहत नाही. बाळास घास देताना मात्र ते त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते, बाळ रडले की दचकते आणि वळून आईकडे पाहते.

मग ते बाळाचा पाय बाहुलीसारखा का ओढते? त्याचे कारण असे की, जाणणे आणि जाणलेल्या गोष्टीप्रमाणे हात आवरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाहुलीच्या आकाराचे काही दिसले की, रोजच्या सरावाने हात त्याच क्रियेकडे धावतो आणि त्यास अडविणारी शक्ती या वयात फार दुबळी असते. याचा एक मौजेचा पुरावा अमेरिकेतील ज्यूडी डीलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी प्रथम बसता येईल एवढी खुर्ची, घसरगुंडी व मोटार खेळावयास दिली. नंतर मुलांच्या नकळत त्या काढून त्यांच्या जागी हुबेहूब तशाच, पण अगदी चिमुकल्या वस्तू ठेवल्या. तेव्हा काही मुलांनी वीतभर खुर्चीवर खरोखरच बसण्याचा आणि चिमुकल्या मोटारीच्या दारात पाऊल घालण्याचा मनापासून प्रयत्न केला! त्यांच्या डोळ्यांना वस्तू लहान दिसत होती, परंतु ‘ही खुर्ची, हिच्यावर बसावयाचे’ हा विचार अधिक बलवान ठरला. आपल्याकडेही बाहुलीच्या पाळण्यात स्वतः झोपू पाहणारे मूल दिसते. ते मूल मंद नसते, वयाप्रमाणेच वागत असते.

याच संशोधिकेचा १९८७ सालचा आणखी एक प्रयोग बोधप्रद आहे. एका खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करून तीत एक लहान खेळणे मुलांसमोर लपविले. मोठ्या खोलीत त्याच जागी मोठे खेळणे आहे, असे त्यांस सांगितले. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी मोठ्या खोलीत जाऊन ते शोधून काढले. अडीच वर्षांच्या बहुतेकांना ते जमले नाही. प्रतिकृतीतील खेळणे कोठे आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात होते. एक वस्तू स्वतः वस्तू असून शिवाय दुसऱ्या वस्तूची खूण आहे, असा दुहेरी विचार करणे त्यांना कठीण गेले. यावरून शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी व पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘बाहुलीवर दाखव, तुला कोणी कोठे मारले,’ असे तीन वर्षांच्या आतील मुलास विचारून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. बाहुली म्हणजे ‘मी’, हा धागा त्या वयात पक्का झालेला नसतो.

मत्सर, माया आणि अनुकरण

नव्या बाळामुळे मोठ्या मुलास काहीच वाटत नाही, असे मात्र नाही. आईची मांडी अडकून पडते. शी-शू सांगणारे मूल पुन्हा कपडे ओले करते, दूध पिण्यासाठी हट्ट धरते, आणि ‘बाळ परत देऊन टाक’ असा सल्लाही देते. हे वर्तन काही काळापुरते असते. परंतु त्याच मुलात मायेचा अंकुरही याच काळात फुटत असतो. बाळ रडू लागले की आपली फाटकी बाहुली झोळीत नेऊन टाकणारे मूल पुष्कळांनी पाहिले असेल. बाळाला बाहुलीचा उपयोग नाही, हे त्यास कळत नाही. आपल्याला जिने बरे वाटते तीच वस्तू ते देऊ करते. मोठ्यांच्या दृष्टीने ही गंमत असली, तरी मुलाच्या दृष्टीने तो मोठा त्याग आहे. अशा वेळी ‘वेडे कुठले’ म्हणून हसण्याऐवजी ‘बाळासाठी बाहुली आणलीस, छान केलेस’ असे म्हणावे.

बाहुलीला मारणारे मूल क्रूर असते काय? बहुधा नसते. ते पाहिलेले उतरवीत असते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग सुप्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्यास मारताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांपैकी अनेकांनी पुढे तशीच मारहाण केली आणि ऐकलेले शब्दही जसेच्या तसे उच्चारले. खेड्यातील मूलही बाहुलीला दटावते ते आईच्या शब्दांत, आणि पुढे शाळा-शाळा खेळते तेव्हा गुरुजींच्या आवाजात! हातात फूटपट्टी घेऊन बाहुल्यांच्या रांगेपुढे उभी राहिलेली मुलगी ज्या शिक्षकाने पाहिली असेल, त्याने हसून झाल्यावर आपल्या वर्गाकडेही एकदा पाहावे. मात्र केवळ अशा खेळावरून मुलाच्या घराविषयी काही अनुमान काढून ते गावात बोलू नये. खेळात पाहिलेले, ऐकलेले आणि कल्पिलेले हे सारे एकत्र मिसळलेले असते.

येथेच मुलग्यांविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. मुलगा बाहुली घेऊन बसला की ‘बायकी’ म्हणून ती हिसकावून घेण्याची रीत अनेक घरांत आहे. तान्ह्या जिवाला कसे धरावे, कसे निजवावे, हे उद्या त्यालाही बाप म्हणून करावयाचे आहे. त्याचा पहिला धडा त्याच्या हातून का काढून घ्यावा?

बाळाची सुरक्षितता

मुलाचा हेतू निर्मळ असला तरी बाळाला होणारी इजा खरीच असते. म्हणून पालकसभेत पुढील गोष्टी शिक्षकांनी स्पष्टपणे सांगाव्यात.

दोन-तीन वर्षांच्या मुलापाशी तान्हे बाळ एकटे सोडू नये. पाणी आणावयास जाण्याइतका अल्प वेळही नाही. बाळ मान धरू लागावयास साधारण तीन-चार महिने लागतात. तोवर मानेखाली हात न देता उचलल्यास, अथवा केव्हाही जोराने हालविल्यास, त्यास गंभीर इजा होऊ शकते. डोक्याच्या पुढील भागातील टाळू भरावयास बहुधा एक ते दीड वर्ष लागते; तेथे बोट दाबण्याची गंमत मुलास करू देऊ नये. पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाशिवाय काहीही द्यावयाचे नसते. मोठे भावंड मायेने भरवू पाहते तो शेंगदाणा, हरभरा वा चुरमुरा बाळाच्या श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतू शकते. बाहुलीला पांघरूण घालताना मूल तिचे तोंडही झाकते आणि बाळालाही तसेच करते. त्यावर लक्ष असावे.

सांगण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘हात लावू नको’ या वाक्याने काय करू नये एवढेच कळते, काय करावे ते कळत नाही, आणि हात तर शिवशिवत असतो. त्याऐवजी ‘बाळाच्या पावलाला हळूच हात लाव’, ‘दुपटे आणून दे’, ‘झोळीची दोरी माझ्याबरोबर धर’ असे करण्याजोगे काम सांगावे. हळू म्हणजे किती, हे प्रथम बाहुलीवर दाखवावे आणि मग मुलाचा हात आपल्या हातात धरून बाळाच्या पायावर फिरवावा. धपाट्याने मूल एवढेच शिकते की, बाळ जवळ असले म्हणजे मार बसतो. मत्सर नसेल तेथे तो अशाने उत्पन्न होतो.

मोठ्या बहिणीचा प्रश्न

शाळेच्या दृष्टीने या विषयाची सर्वांत गंभीर बाजू वेगळीच आहे. लहान मुलापाशी बाळ एकटे सोडू नये असे सांगितल्यावर, शेतावर जाणारी आई विचारते, ‘मग कोणापाशी सोडू?’ याचे उत्तर पुष्कळ घरांत आठ-नऊ वर्षांची मुलगी हेच असते, आणि तिची शाळा सुटते. बाहुली खेळण्याच्या वयात तिच्या कडेवर खरे बाळ येते. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळालेला आहे, आणि ही मुलगीही त्यातच येते.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांना हा प्रश्न फार पूर्वी भेटला होता. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत चालले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती भावंडे सांभाळतात आणि गुरे राखतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात व कुरणात नेण्याचे, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकमेकींस जोडण्याचे प्रयोग त्यांनी केले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव पोचली. तीन वर्षांवरील भावंड अंगणवाडीत बसू शकते. त्याहून लहान मुलासाठी घरातील वडीलधारी मंडळी, शेजारी व शेतावर जाणाऱ्या स्त्रिया यांनी पाळीपाळीने सोय करावी, असा विषय शिक्षकांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. आणि तोवर एखादी मुलगी भावंड घेऊन आलीच, तर तिला दारातून परत पाठवू नये. एक दिवस परत गेलेली मुलगी पुष्कळदा कायमची परत जाते.

वर्गातील उपयोग

पहिलीच्या वर्गात एका कोपऱ्यात दोन-तीन बाहुल्या व भातुकली ठेवण्यास खर्च येत नाही. जुन्या, स्वच्छ सुती कापडाची बाहुली मुलांकडूनच करवून घ्यावी. डोळ्यांसाठी मणी वा गुंड्या न लावता दोऱ्याने टाके घालावेत, म्हणजे ते तुटून लहानग्याच्या तोंडात जाणार नाहीत. बाहुली आठवड्याने धुऊन उन्हात वाळवावी. जे मूल शिक्षकाशी एक शब्द बोलत नाही, ते बाहुलीशी आपल्या घरच्या बोलीत भरभरून बोलते. शिक्षकाने जवळ बसून केवळ ऐकावे. त्या मुलाजवळ किती शब्द आहेत हे त्यास कळेल.

बाहुलीशी न खेळणे हा काही दोष नव्हे. तथापि दोन वर्षे होत आली तरी मूल कोणतेच सोंग करीत नसेल, नावाने हाक मारल्यास वळून पाहत नसेल, बोटाने दाखवीत नसेल व शब्दही बोलत नसेल, तर ‘उशिरा बोलेल’ असे म्हणून थांबू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाड्यांत व शाळांत तपासणीसाठी येते. त्यास असे मूल आवर्जून दाखवावे.

प्रारंभी वर्णिलेल्या घरी ज्या शिक्षकाचे जाणे-येणे असेल, त्याने त्या मुलीच्या आजीस एवढेच सुचवावे की, उद्या बाळाला न्हाऊ घालताना नातीलाही शेजारी बाहुली घेऊन बसू द्यावे. आजीच्या पायांवर बाळ आणि नातीच्या पायांवर बाहुली. आजी पाणी जपून घालील, मान सांभाळील, तोंडावरून हलकेच हात फिरवील. मुलगी ते पाहील आणि तसेच करील. धपाट्याने जे शिकविता येत नाही, ते शेजारी बसविल्याने शिकविता येते.